छप्पर, वारा आणि पंच

पुण्याहून पश्चिमेला निघून हिंजवडी ओलांडली की माण नावाचे गाव लागते. साताऱ्याकडचा दुष्काळी माण तालुका तो निराळा. हे गाव मुळशी तालुक्यातले. गावाच्या शिवारात आज माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. गावठाणात मात्र अजून थोडी कौलारू आणि पुष्कळशी पत्र्याची घरे आहेत. 3 जून 2020 रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागले, आणि सह्याद्री चढून मुळशी, मावळ, खेड, जुन्नर ह्या भागांतून पुढे गेले. वाऱ्याला काचेची इमारत आणि पत्र्याचे घर सारखेच. पण वारा पडल्यावर दोन्हीकडे नुकसान पाहायला जी माणसे येतात, ती सारखी नसतात. इमारतीचा विमा असतो, तिथे विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो. गावठाणातल्या बहुतेक घरांचा विमा नसतो, तिथे तलाठी येतो.

वादळानंतर कोणीतरी येऊन तुमच्या छपराखाली उभा राहतो, मान वर करून पाहतो आणि कागदावर काहीतरी लिहितो. त्या चार ओळींवर घर पुन्हा शाकारले जाणार की नाही हे ठरते. हा माणूस कोण, त्याला हा अधिकार कसा आला, आणि वर पाहून त्याला नेमके काय कळते, ही हकिकत आज सांगायची आहे. ती बरीच जुनी आहे.

सुरुवात शाकारणीपासून करू. हा शब्द आता शहरातल्या मुलांना माहीत नसतो. खेड्यातल्या वडीलधाऱ्यांना मात्र तो ऐकताच अंगाला कौलांची धूळ लागल्यासारखी वाटेल. वैशाख संपता संपता, मिरगाच्या आधी, घर शाकारायचे असा नेम होता. गवताचे छप्पर असेल तर जुना कुजलेला थर काढून नवे गवत किंवा भाताचा पेंढा चढवायचा. मावळपट्टा भाताचा, त्यामुळे पेंढ्याला तोटा नसे. देशी नळीची कौले असतील तर ती सगळी उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, झाडून-पुसून पुन्हा लावायची. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. कौले उतरली की खालचे रीप आणि वासे उघडे पडत. सुतार आढ्यापासून वळचणीपर्यंत एकेक वासा हाताच्या मुठीने वाजवून बघे. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आत वाळवी आहे. तो वासा बदलायचा. घरधनी खाली उभा राहून बघत असे, पोरे कौले हातोहात देत असत. त्यामुळे कोणता वासा कधी बदलला, कोणत्या कोपऱ्यात गळते, मांजर कुठून उतरते, हे सगळे घराला पाठ असे.

म्हणजे छपराची तपासणी दरवर्षी होत होती. तिला तपासणी म्हणत नसत, एवढेच. ती वादळाच्या आधी होत असे, आणि सुतार-कुंभार बलुत्यावर असल्यामुळे तिचा मोबदला खळ्यावर धान्याने चुकता होई. छप्पर पडल्यावर भरपाई कोण देणार हा प्रश्न तेव्हाही होता. पण पडण्याआधी कोण बघणार, ह्याचे उत्तर गावात ठरलेले होते.

पडल्यावर काय, ह्याचे उत्तर राजाकडे असे. मराठेशाहीत शेताची पाहणी हा सरकारी कामातला मोठा भाग होता. पीक बुडाले, लष्कराच्या वाटेत गाव सापडले, आग लागली, म्हणजे पाटील-कुलकर्णी आणि गावचे भले लोक मिळून हकिकत लिहून कळवीत. वरून माणूस पाहणीला येई. मग साऱ्यात सूट मिळे, बी-बैलासाठी तगाई मिळे. उजाड झालेले गाव पुन्हा वसवायचे असेल तर सरकार कौल देत असे, म्हणजे अमुक वर्षे सारा कमी घेऊ असे वचन. हा कौल शब्द अरबीतला. त्याचा अर्थच मुळी बोलणे, शब्द देणे. छपरावरचे कौल त्याहून वेगळे. पण दोन्ही एकाच आवाजाचे शब्द आपल्या भाषेत शेजारी येऊन बसले, ही मौज आहे. एक कौल पावसापासून राखी, दुसरा साऱ्यापासून.

त्या पाहणीत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की एकट्या सरकारी माणसाचे डोळे पुरेसे मानीत नसत. सोबत पंच लागत, आणि पंच गावातलेच असत. त्यांना घर काल कसे होते ते ठाऊक असे. बाहेरून आलेल्याला फक्त आजचे दिसते. आजचा पंचनामा हा शब्द तिथूनच आपल्यापर्यंत पोचला आहे.

इंग्रजी अमलात कागद वाढले. मुंबई इलाख्याचा जमीन महसूल कायदा 1879 साली झाला, आणि महसुली खात्याची शिडी पक्की झाली: गाव, तालुका, जिल्हा. जमीन संपादनाचा कायदा 1894 साली आला. घराला आणि जमिनीला बाहेरचा माणूस येऊन किंमत लावतो म्हणजे काय, हे मुळशी तालुक्याइतके फार थोड्या तालुक्यांनी अनुभवले असेल. 1921 साली मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला. तो जमिनीचा लढा होता, त्याच्या तपशिलात आज शिरत नाही. पण पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या घरांना वासे होते, आढी होती, आणि त्यांचा मोबदला कोणीतरी आकड्यांत मांडला होता, एवढे ध्यानात असू द्या. पुढे स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, 1963 सालापासून मुलकी पाटलाचे वंशपरंपरेचे पदही गेले, आणि गावच्या दप्तराचा सगळा भार पगारी तलाठ्यावर आला. अलीकडे सरकारने त्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी असे केले आहे. लोक मात्र तलाठीभाऊसाहेबच म्हणतात, आणि मीही तेच म्हणेन.

दरम्यान छप्परही बदलत होते. मंगळूरला बाझेल मिशनच्या लोकांनी 1860 च्या दशकात यंत्रावर चपटी, एकमेकांत अडकणारी कौले करायला सुरुवात केली. ती गलबतांतून मुंबईला आणि पश्चिम किनाऱ्याला पोचली. हीच आपली मंगळुरी कौले. नळीच्या कौलापेक्षा ती बरीच सोयीची. दरवर्षी सगळी उतरवावी लागत नाहीत. नाळीदार लोखंडी पत्र्याचा शोध त्याहूनही जुना. हेन्री पामर ह्या इंग्रज इंजिनिअरने 1829 साली लंडनमध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि पुढल्या काही वर्षांत लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची रीत निघाली. पत्रा खेड्यांत सर्रास यायला मात्र पुढची शंभर वर्षे लागली. पत्र्याने शाकारणी संपवली. पत्रा एकदा ठोकला की दहा-पंधरा वर्षे वर चढायला नको! लोकांना तो फार आवडला, आणि का आवडू नये? उन्हाळ्यातली आठ दिवसांची मेहनत वाचली. पण त्याबरोबर वर्षातून एकदा वासे उघडे करून बघणेही संपले.

इथे थोडे गणित करू. शिक्षक मंडळींनी ते सातवी-आठवीच्या फळ्यावर जरूर मांडावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 55 किलोमीटरच्या वळवाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण 14 किलो वजनाइतका भरतो. निसर्ग वादळ किनाऱ्याला लागताना वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. 110 धरले तर दाब सुमारे 57 किलोवर जातो. आता छपराचे वजन बघा. मंगळुरी कौले एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास बसतात, एकेक दोन-सव्वादोन किलोचे, म्हणजे तीस-पस्तीस किलो झाले. साध्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाचेक किलो. शिवाय वारा छपराला नुसता ढकलत नाही. उतरत्या छपरावरून वाहताना तो मागल्या बाजूला ओढ निर्माण करतो, आणि समोरचे दार उघडे असले तर आत शिरून खालून उचलतोही. कौलांच्या फटींतून हा दाब थोडाफार निसटून जातो. चार कौले उडतात, बाकीची राहतात. पत्र्याला फट नाही. पाच किलोचा पत्रा जो जागेवर राहतो तो वजनाने नव्हे, तर हुक-बोल्टाने. हुकाभोवतीचे भोक गंजून मोठे झाले असेल तर पत्रा वाऱ्यावर पतंगासारखा जातो, आणि एक गेला की शेजारच्याची कड मोकळी होते. म्हणूनच वादळानंतर कौलारू घराला भोके पडलेली दिसतात, पत्र्याच्या घराचे मात्र पाखेच्या पाखे गेलेले दिसते. त्यावर दगड ठेवणाऱ्यांनी हाही हिशोब करावा. दहा किलोचा दगड 57 किलोच्या उचलीपुढे काय करणार? तो पत्र्याबरोबर उडतो आणि कोणाच्या तरी अंगणात पडतो.

आता विम्याकडे वळू. लंडन शहर 1666 साली चार-पाच दिवस जळत होते. तेरा हजारांवर घरे गेली. त्यानंतर पंधराएक वर्षांनी निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने घरांच्या आगीचा विमा उतरवण्याची कचेरी काढली. विटांच्या घराला जो हप्ता, त्याच्या दुप्पट लाकडी घराला! म्हणजे विमा उतरवण्याआधी कोणीतरी जाऊन घर कशाचे आहे ते पाहणे आलेच. विम्याच्या कामातली घराची पाहणी ही अशी पहिल्या दिवसापासूनची. वादळ, पूर वगैरे संकटे आगीच्या विम्याला पुढे हळूहळू जोडली गेली.

आपल्याकडे ट्रायटन ही पहिली सर्वसाधारण विमा कंपनी कलकत्त्याला 1850 साली निघाली, ती इंग्रजांची होती. 1907 साली मुंबईत इंडियन मर्कंटाइल निघाली, आणि 1919 साली सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया काढली. गिरण्या, गोद्या, जहाजे ह्यांचा विमा उतरे. खेड्यातल्या घराकडे कोणी पाहत नव्हते. पुढे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली स्थापन झाला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि भोसरी, चिंचवड, मग चाकण असा पट्टा उभा राहिला. कारखान्याला बँकेचे कर्ज लागते, आणि बँक तारणाचा विमा मागते. त्यामुळे कारखान्याच्या करवती छपराला विमा आपोआप चिकटला. गावातल्या घरावर बहुधा बँकेचे कर्ज नसे. सावकाराचे असे, आणि सावकाराला घर पडले काय आणि उभे काय, जमीन पुरत होती.

आगीच्या विम्याचे दर सगळ्या देशासाठी एकच ठरलेले असत. ही पद्धत 2007 पर्यंत चालली. त्या दरपत्रकात कच्चे बांधकाम कशाला म्हणायचे ह्याची यादी होती: लाकडी फळ्या, पाने, गवत, पेंढा, बांबू, ताडपत्री ह्यांच्या भिंती किंवा छप्पर. अशा घराला जादा आकार. बार्बनच्या दुप्पट हप्त्याचीच ही पणती. मावळातले जुने पेंढ्याचे छप्पर ह्या यादीत अगदी चपखल बसते. ज्याला वाऱ्याची भीती जास्त, त्याला विमा महाग, असा हा सरळ व्यापारी हिशोब आहे. त्याबद्दल कोणावर रागावण्यात अर्थ नाही; पण गरिबाच्या घरापर्यंत विमा का पोचला नाही, ह्याचे एक कारण त्यात सापडते.

सर्व्हेअर नावाच्या माणसाला कायद्यात जागा मिळाली ती 1968 साली. विम्याचा मूळ कायदा 1938 चा. त्यात 1968 च्या दुरुस्तीने असे घातले, की ठराविक रकमेवरच्या दाव्यात परवाना असलेल्या सर्व्हेअरने नुकसान पाहून अहवाल द्यावा. कारण उघड आहे. कंपनीने आपल्याच नोकराला पाठवले तर तो कमी लिहील, विमेदाराने स्वतः लिहिले तर तो जास्त लिहील. मधे परवान्याने बांधलेला तिसरा माणूस हवा. म्हणजे पुन्हा पंचच म्हणायचा! फरक इतकाच, की हा पंच गावचा नाही. त्याला तुमचे घर काल कसे होते ते माहीत नाही. 1972 च्या कायद्याने सर्वसाधारण विमा राष्ट्रीय झाला, 1999 च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मिळाली, पण ही सर्व्हेअरची व्यवस्था टिकून राहिली.

ह्या पाहणीची एवढी किंमत का, हे कळायला एक चमत्कारिक उदाहरण देतो. जगातल्या मोठ्या वादळांच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षे 1882 सालचे मुंबईचे चक्रीवादळ दिले जाई, आणि एक लाख माणसे मेली असे लिहिले जाई. संशोधकांनी त्या वेळची वर्तमानपत्रे आणि नोंदी चाळल्या, तर असे वादळ झाल्याचे कुठे सापडेना. एक लाख माणसे मेली, आणि एकाही पडक्या घराची नोंद नाही, हे कसे व्हावे? ते वादळ झालेच नव्हते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले. उलट नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईला खरोखर चक्रीवादळ आले, त्याच्या नोंदी आहेत.

निसर्ग वादळाचे असे होण्याचा संभव नव्हता. टाळेबंदीचे दिवस होते. तरी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून घरोघर आणि शेतोशेत पंचनामे करीत होते. मावळात फुलांची हरितगृहे आडवी झाली होती. त्या वेळच्या केंद्राच्या निकषांत सपाटीवरचे घर पूर्ण पडले तर 95,100 रुपये ठरलेले होते. राज्य सरकारने ह्या वादळापुरती ती रक्कम दीड लाखावर नेली. पुढे 2022 ते 2026 ह्या काळासाठी जे निकष ठरले, त्यांत पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर 1,20,000 रुपये, आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 व कच्च्याला 4,000 रुपये आहेत. अंशतः म्हणजे किती? निदान पंधरा टक्के.

हे पंधरा टक्के पंचनाम्यातले सगळ्यात अवघड कलम आहे. समजा घराला चाळीस पत्रे होते आणि दहा उडाले. छपराचे नुकसान पंचवीस टक्के झाले. पण घराचे किती? सगळ्या घराच्या किमतीत छपराचा वाटा तिसरा हिस्सा धरला, तर घराचे नुकसान आठ टक्क्यांच्या थोडे वर जाते, आणि मदत शून्य. तेच पाणी आत शिरून मातीची भिंत खचली, तर आकडा पंधरापुढे सहज जातो. आता एका दिवसात पुष्कळ घरे बघायची असलेला माणूस, हातात टेप नाही, वर चढायला शिडी नाही, तो हा आकडा नजरेने लावतो. मी त्याला दोष देत नाही. पण घरधन्याने शिडी लावून ठेवली, उडालेले पत्रे मोजून एका जागी रचले, भिंतीची तड दाखवली, आणि एकूण पत्रे किती होते हे सांगता आले, तर त्याच नजरेला धरायला काहीतरी मिळते. नुसते रडून दाखवले तर मिळत नाही. हे कठोर वाटेल, पण असेच आहे.

विम्याच्या सर्व्हेअरची नजर आणखी बारीक असते, कारण त्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते: ह्यातले वाऱ्याचे किती आणि कुजण्याचे किती? विमा वादळाचा असतो. झीज, गंज, वाळवी, दुरुस्तीचा आळस ह्यांचा नसतो. तेव्हा तो पुढील खुणा बघतो, आणि त्या तुम्हालाही बघता येतील. कौल ताजे फुटले असेल तर तुटलेली कड लालभडक आणि स्वच्छ दिसते; जुने फुटले असेल तर कडेवर शेवाळ आणि काजळी चढलेली असते. पत्रा हुकापाशी फाटला असेल तर कड चकचकीत आहे की तांबूस, ते तो बघतो. चकचकीत म्हणजे कालची, तांबूस म्हणजे गेल्या कितीतरी पावसाळ्यांतली. छताला किंवा भिंतीला ओल आली असेल तर तिची वलये मोजतो. एकात एक तीन-चार पिवळी वलये दिसली की गळती जुनी हे तो ओळखतो. वासा मोडला असेल तर मोडलेल्या टोकाला तंतू लांब लांब निघालेत, की भुग्यासारखा तुकडा पडलाय? लांब तंतू म्हणजे निरोगी लाकूड जोराने मोडले. मग तो अंगणात जाऊन पत्रे कोणत्या दिशेला पडलेत ते बघतो, शेजारची झाडे कोणत्या दिशेला झुकलीत ते बघतो, आणि दोन्ही जुळतात का ते ताडतो. आपल्या जुन्या सुतारालाही ह्यातले बहुतेक कळत होते, फक्त तो हे मिरगाच्या आधी बघत होता.

म्हणून वादळानंतर घाईने सगळे झाडून-पुसून टाकू नये. आधी चारी बाजूंनी फोटो काढावे. मोबाइल आता घरोघर आहे. घरात पाणी येऊ नये म्हणून ताडपत्री जरूर टाकावी. नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचे कामच आहे, आणि तसे पॉलिसीत लिहिलेलेही असते. मात्र फाटके पत्रे भंगारवाल्याला लगेच घालू नयेत. ते तुमचे साक्षीदार आहेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. घराची किंमत दहा लाख आहे, हप्ता वाचवायला तुम्ही पाच लाखांचाच विमा काढला, आणि एक लाखाचे नुकसान झाले. तर जुन्या रीतीच्या पॉलिसीत तुम्हाला पन्नास हजारच मिळतील. कारण अर्ध्या घराचा विमा कंपनीकडे आणि अर्ध्याचा तुमच्या स्वतःकडे, असा तो हिशोब. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाच्या आज्ञेने सगळ्या कंपन्यांनी राहत्या घरासाठी भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आणली, तिच्यात हे कलम काढून टाकले आहे. चांगले झाले. तरी पॉलिसी हातात आली की ती वाचावी, नाहीतर वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्यावी. सर्व्हेअरचा अहवाल पटला नाही तर तोही शेवटचा शब्द नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली म्हटले आहे, की हा अहवाल महत्त्वाचा पुरावा आहे, पण तो बाजूला ठेवताच येणार नाही असा नाही. ग्राहक आयोगापुढे जाता येते. मात्र तिथेही विचारतील, घर आधी कसे होते?

आणि इथे आपण सगळे गोत्यात येतो! ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये प्रत्येक घराची नोंद असते. लांबी-रुंदी, बांधकाम कशाचे, आकारणी किती. आकारणीच्या वेळी आपण काय करतो? ‘कुठलं पक्कं साहेब, मातीचंच आहे, ती पडवी तर गोठा आहे,’ असे सांगून घरपट्टी कमी करून घेतो. वर्षाचे शंभर-दोनशे रुपये वाचतात. मग वादळ येते, आणि तोच गृहस्थ पंचनाम्याच्या वेळी सांगतो, की घर सागाच्या वाशांचे होते आणि पडवीत धान्य होते. तलाठी नमुना 8 उघडतो. कागदावर गोठा. कागद तुमच्याच तोंडून लिहिलेला असतो, तलाठी तरी काय करणार?

अलीकडे सरकारनेच छपरे वरून पाहायला सुरुवात केली आहे. गावठाणांची मोजणी ड्रोनने करण्याचा प्रयोग आपल्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाला, आणि 2020 च्या एप्रिलमध्ये स्वामित्व योजना म्हणून तो देशभर निघाला. त्यातून घराच्या हद्दीचा नकाशा आणि मालकीपत्र मिळते. घर कोणाच्या नावावर, हा दाव्यातला पहिला अडथळा त्याने पुष्कळ ठिकाणी दूर होईल. पण ड्रोनला छप्पर वरून दिसते. आतून वासा पोकळ आहे का, हे त्याला दिसत नाही.

शिक्षक मंडळींना एक सुचवतो. शाळेची खुर्ची मोडली तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद होते. शाळेच्या छपरावर किती पत्रे आणि किती हुक आहेत, हे तिथे सहसा नसते. एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्यावर मुलांना पटांगणात बसवून चारी बाजूंनी शाळेचे चित्र काढायला लावा. पत्रे मोजायला लावा, आतून ओलीची वलये शोधायला लावा, आणि तो कागद तारीख घालून कपाटात ठेवा. दरवर्षी एक. मुलांना घरीही तेच करायला सांगा. त्यांना त्यात गंमत वाटेल, आणि पावसाळ्यानंतर पंच म्हणून उभे राहायला घरात एक माणूस वाढेल.

सुतारकाम करणाऱ्या घरांतली कितीतरी मुले आता ह्या पट्ट्यात वेल्डिंगचे आणि फॅब्रिकेशनचे काम करतात. कारखान्यांच्या शेडवर चढून हुक आवळणे हे त्यांचे रोजचे काम आहे, आणि ते त्यांना उत्तम येते. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या आळीत राहत असेल, तर वैशाखातल्या एखाद्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत त्याला शिडी लावून द्या. चाळीस पत्र्यांच्या घराला अर्धी सकाळ पुरते. सैल हुक किती निघाले तो आकडा लिहून ठेवा, आणि ते आवळून झाले की खाली येऊन चहा घ्या.